वाऱ्याची बाजू

पट्टी काढल्याच्या चौथ्या दिवशी
हौसाआत्ती म्हणाली, हितं काही हिरवं असंल तर दाव.
समुद्र नको. समुद्रात बघायचं काय असतं.

घोडपदेवहून राणीची बाग, चालत वीस मिनिटं.
तिला पन्नास लागली. नव्या डोळ्याला
सगळंच वाचायचं होतं: दुकानांच्या पाट्या,
'येथे लघवी करू नये',
बस थांब्यावरच्या मुलीच्या मनगटावरचं गोंदण.
काळा चष्मा मी देत होतो, ती कपाळावर चढवत होती.

पेंग्विनची रांग पार फाटकापर्यंत.
एवढ्या लोकांनी बघितल्यावर आपल्याला काय उरणार, ती म्हणाली.
म्हणून गोरखचिंचेला वळसा घालून उजवीकडे,
जिथे पाटी होती: गवा. कळप, पाच.
रांग नव्हती.

दाजीपूरच्या खालच्या अंगाला तिचा पाऊण एकर मका.
एकोणीस वर्षं ती झोपायच्या नावानं माळ्यावर चढली
आणि तेलाचा रिकामा डबा बडवत बसली.
गवे तिनं तसे पाहिलेच नव्हते. ऐकले होते.
फुरफुर. ताटं मोडल्याचा कडकडाट.
बॅटरी मारली की दोन ठिपके,
ते विझले की काळोखात जास्तीचा काळोख.
सकाळी चिखलात पावलं, आणि शेत कुठून संपलं त्याचा हिशेब.
एका पौषात नानांच्या तीन बरगड्या.
त्यानंतर नाना शिंकायलाही घाबरायचे.

आता दुपारचे साडेतीन, आणि ते पाच
उन्हात, तेल चोपडल्यासारखे, उभे.
एक मादी रवंथ करत होती,
पान चघळत सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या सरपंचासारखी.

"अगं बया," आत्ती म्हणाली, "मोजं घातल्यात."
खरंच. गुडघ्यापर्यंत पांढरे पाय.
"शाळंच्या पोरांवानी. एवढी वरसं झाली,
मोजं घालून येत्यात म्हणून कुणी सांगितलं न्हाई मला."

तेवढ्यात हातगाडी आली. तांडेल नावाचा माणूस, गमबूट,
गाडीत हिरवा मका, कणसांसकट, धुतलेला.
आत्ती हसायला लागली.
डोळ्याला हात लावायचा नाही हे आठवलं,
मग हात पाठीमागे धरून हसली.
"आयता! टेंपोनं! पावती फाडून!"

हसू मध्येच कुठंतरी थांबलं.
रातीचं वरडत्यात का, तिनं तांडेलला विचारलं.
मावशी, माझी ड्युटी सहाला संपते.
"मग रातीचं कोण जागतं?"
सीसीटीव्ही आहे की.
"त्ये न्हवं. ह्यांच्यासाठी कोण जागतं?"

तांडेलनं गाडी रिकामी केली.
त्याला प्रश्न कळला नाही. मला तेव्हा कळला होता
असं मीही म्हणणार नाही.

निघताना तिनं माझ्या हातातली पाण्याची रिकामी बाटली घेतली
आणि कठड्यावर वाजवली. तीनदा.
जोरात नाही. शेजारणीचं दार वाजवतात तसं.
चौघांनी खाणं थांबवलं नाही. इथेच जन्मलेले असतील.
पाचवीनं, कान फाटक्या म्हातारीनं,
मान वर केली.
आमच्याकडे नाही. आमच्या मागे,
जिथे शाळेची सहल डबे उघडत होती.
तशीच राहिली जरा वेळ. मग तीही मक्याकडे.

"चल," आत्ती म्हणाली. "वळकीचं कुणी न्हाई."
चष्मा तिनं आता आपणहून लावला.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो
तर ती खिडकीच्या जाळीशी, दिवा न लावता.
आत्ती, दुखतोय का डोळा?
"न्हाई रं. वाऱ्याची बाजू बघतो."

आमच्या सातव्या मजल्यावर वारा
बहुतेक लिफ्टच्या फटीतून येतो.
तरी मी तिच्याशेजारी उभा राहिलो,
बोट थुंकीनं ओलं करून,
जाळीच्या बाहेर काढून.